मानाचा पासवर्ड

सर्व्हरला हार घालू नका, असं मी आधीच सांगितलं होतं. पाकळ्या पंख्यात जातात. तरी झेंडूचा हार आला, नारळ फुटला आणि त्याचं पाणी सर्व्हरच्या नव्या कपाटाच्या पायाशी वाहत गेलं. मी ते रुमालाने पुसलं आणि हसले. तेव्हा हसू येत होतं.

आमचं रुग्णालय जबलपुरात, ओमतीहून पायी जाण्यासारखं आहे. इथल्या मराठी मंडळींनी पिढ्यांपूर्वी सुरू केलेलं, धर्मादाय. शेजारी सभागृह, तिथे रामनवमीचा उत्सव आणि कीर्तनं. संगणकाचं सगळं मी पाहते. मी येण्याआधी प्रत्येक संगणकाचा वेगळा पासवर्ड असायचा आणि तो पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असायचा. औषधाच्या खिडकीत बसणारा भैया कुठल्याही बाईच्या बाळंतपणाच्या नोंदीचं पान उघडून वाचू शकायचा, आणि वाचायचाही.

म्हणून मी नव्या सर्व्हरवर डिरेक्टरी बसवली. म्हणजे सर्व्हरने राखलेली माणसांची ओळख. प्रत्येकाचं नाव एकदाच घालायचं, त्याला त्याचा स्वतःचा पासवर्ड, आणि मग त्याला त्याच्या कामाच्या ग्रुपमध्ये बसवायचं. अधिकार माणसाला द्यायचे नाहीत, ग्रुपला द्यायचे. बालविभागाच्या सिस्टर बालविभागाची पानं उघडतील, लॅबवाले रिपोर्ट लिहितील, औषध बदलतील ते फक्त डॉक्टर. सिस्टरची बदली झाली की तिला एका ग्रुपमधून काढून दुसऱ्यात ठेवायचं, बस.

समितीपुढे हे समजावताना मला कीर्तनच आठवलं. मी म्हटलं, बुवा नारदाच्या गादीवर उभे आहेत तोवर आजोबासुद्धा त्यांच्या पाया पडतात, बुवा विशीचे का असेनात. गादीवरून उतरले की तेच बुवा चहासाठी आपल्या मागे उभे. तो मान जागेचा असतो. सर्व्हरवरही तसंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. सचिव श्यामसुंदरकाका तर इतके खूश झाले की प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागले, आमच्या विभाने गादीचा कॉम्प्युटर केला.

काकांबद्दल आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते गोड नाही. लहानपणी कीर्तनात मला पुढच्या ओळीत बसवणारे तेच. माझे बाबा फॅक्टरीतून दमून यायचे, मग काकाच मला स्कूटरवर घालून न्यायचे आणि आणायचे. पूर्वरंगात झोप लागली की त्यांच्या उपरण्याची उशी. मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते.

त्याच बैठकीत ठराव झाला: समितीच्या प्रत्येक सदस्याला मान म्हणून सर्व्हरचे सर्व अधिकार देण्यात यावेत.

मला वाटलं, गंमत करताहेत. मी म्हटलं, काका, सर्व अधिकार म्हणजे कुणाचंही नाव पुसता येतं, कुठलाही ग्रुप मोडता येतो. ते तुम्हाला कशाला हवे? काका दुखावले. “काहून? आम्ही काय परके आहोत? ज्यांनी हे दवाखान्याचं घर उभं केलं त्यांनाच कुलूप?” मी लेखी हरकत दिली. लेखी उत्तर आलं की ठराव कायम आहे. मग समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि कुंकवाचं बोट लावलेलं एक-एक पाकीट, आत पासवर्ड. मानपत्र द्यावं तसं. देवाशपथ, मी असं काही जबलपूरबाहेर ऐकलेलं नाही.

बाकीच्यांची पाकिटं घरी देवघरात गेली आणि तिथेच राहिली, देवाची कृपा. काकांचं पाकीट त्यांच्या पुतण्याकडे गेलं. बंटी. तिशीचा, हसरा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. त्याने कुठेसा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. काका म्हणाले, “माझे डोळे आता चालत नाहीत, बंटी पाहून घेत जाईल.” मी काकांना सांगितलं की हा पासवर्ड तुमचा आहे, घरातला आहे म्हणूनही देऊ नका. ते म्हणाले, “अगं, घरात काय माझं-तुझं.”

मी मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला नागपूरला गेले, तेव्हाचा तो रविवार.

दुपारी बंटीला हुक्की आली की आपण सर्व्हर साफ करावा. त्याला ‘सिस्टर’ आणि ‘बालविभाग सिस्टर’ असे दोन ग्रुप दिसले. त्याला वाटलं, एकच गोष्ट दोनदा लिहिली. त्याने दुसरा पुसून टाकला. थोड्या वेळात बालविभागातून फोन आला की पानं उघडत नाहीत. तेव्हा हा घाबरला, त्याच नावाचा नवा ग्रुप केला, त्यात सिस्टरांची नावं परत घातली आणि म्हणाला, “हो गया दीदी, लॉगआउट करके देख लो.” आणि क्रिकेटची मॅच पाहायला गेला.

संध्याकाळी जवळच्या पाटन गावाहून एक मुलगी आली. अंजनी तिचं नाव, दुसरीत शिकणारी. ताप चढलेला, छाती भरलेली. आई शेतावरून यायची होती, सोबत फक्त आजी. मुलगी आधी एकदा आमच्याकडे राहून गेलेली होती, आणि तिच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं की अमुक औषध हिला चालत नाही. ड्युटीवर कुंदा होती. कुंदा बालविभागात इतकी वर्षं आहे की तिने सलाईन लावलेली मुलं आता आपली मुलं घेऊन येतात. तिने पान उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. परत केला. डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णाजवळ अडकलेले, संगणकापासून दूर, त्यांनी फोनवर विचारलं, जुनं काही आहे का? ती म्हणाली, पान उघडत नाही साहेब. तिने बंटीला फोन लावला. त्याचं उत्तर तिला पाठ आहे, मलाही आहे: “सर्व्हर ठीक है। आपके कंप्यूटर में दिक्कत होगी।” आजीला विचारलं, तिने हात जोडले, म्हणाली, मुझे कुछ नहीं मालूम बेटा, तुम बचा लो. डॉक्टर म्हणाले, मग द्या, थांबता येत नाही.

इंजेक्शन दिलं आणि अंजनीचे ओठ सुजले, मग गळा. डॉक्टर जिना उतरून धावत आले. मुलगी वाचली. आज ती शाळेत जाते. हे मी इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. पण त्या रात्री ती वाचेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुंदा तिच्या खाटेजवळून हलली नाही.

सोमवारी मी आले, बालविभागाच्या ग्रुपला पानं उघडण्याचे अधिकार पुन्हा दिले आणि काय झालं ते विचारत फिरले. सगळ्यांना माहीत होतं. झाडूवाल्या काकूंना माहीत होतं, लॅबला माहीत होतं, औषधाच्या खिडकीला माहीत होतं. आणि कुंदाच्या हातात टाइप केलेली नोटीस होती: रुग्णाची पूर्वनोंद न पाहता औषध दिल्याबद्दल आपल्याला कामावरून दूर का करू नये. अशा कागदावर बाहेर पडलेल्या सिस्टरला या गावात कुणी दाराशी उभं करत नाही.

मला बोलावणं आलं. अंजनीचे वडील चौकशी करून राहिले होते, त्यामुळे काकांना माझ्याकडून एक ओळ हवी होती: घटनेच्या वेळी सर्व्हर सुरळीत होता. मी म्हटलं, नव्हता. काका म्हणाले, बंद पडला होता का? मी म्हटलं, नाही. “मग सुरळीतच झाला ना.” ते हे इतक्या मायेनं म्हणाले, जणू मी पाढा चुकले होते. पुढे म्हणाले, बंटीने लगेच ग्रुप परत केला होता, त्याने दाखवलं, नाव आहे, सगळ्या सिस्टरांची नावं आहेत. कुंदाने नीट पाहिलं नसेल. थकते ती आजकाल. आपण तिला सांभाळून घेऊ, पण कागदावर कुणाचं तरी नाव तर यायला पाहिजे.

मला खरंच वाटलं की टेबलावरचा पेपरवेट उचलावा. मी उचलला नाही. मी म्हटलं, चौकशीच्या बैठकीत सांगीन, आणि उठून गेले. आयुष्यभर देवासमोर सांभाळलेला शांतपणा जिन्यात सांडला, आणि मला तो उचलून घ्यावासा वाटला नाही.

सर्व्हरची प्रत रोज आपोआप निघते. रविवार संध्याकाळची प्रत मी एका रिकाम्या मशीनवर चढवली, नेटवर्कची तार काढून, म्हणजे रुग्णालयाच्या चालत्या कामाला धक्का नको. कुंदाच्या वॉर्डातला संगणक तेवढा त्याला जोडला. त्या दोन मशीनसाठी पुन्हा तीच रविवारची संध्याकाळ झाली. बैठकीच्या दिवशी दोन्ही समितीच्या खोलीत नेऊन ठेवली.

समिती बसली होती. चहा आला, बिस्किटं आली. कुंदाला दाराजवळची खुर्ची दिली होती. बंटी काकांच्या मागे उभा. काकांनी सुरुवात केली की विभा आपल्याला दोन शब्द सांगेल. मी म्हटलं, मी काही सांगणार नाही. काकांनी कुंदाच्या जागेवर, तिच्या संगणकापुढे बसावं.

ते हसले. “अरे वा. नर्सची ड्युटी लावते का मला?”

“हो काका. बसा.”

मी आवाज चढवला नव्हता, पण खोलीतला बिस्किटांचा कुरकुर आवाज थांबला. काका उठून तिथे बसले. कुंदाने आपला पासवर्ड टाइप केला आणि मागे सरली. मी म्हटलं, बाहेर पाटनची मुलगी आहे, श्वास लागलाय, डॉक्टर फोनवर आहेत. तिचं जुनं पान उघडा. काकांनी चष्मा लावला, अंजनीचं नाव शोधलं, माउस दाबला. पडद्यावर आलं: आपणास अनुमती नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यांनी माउस जरा उचलून ठेवला, जसे आपण सगळेच ठेवतो, आणि परत दाबलं.

“डॉक्टर विचारून राहिले, काका,” मी म्हटलं. “काय सांगू?”

बंटी पुढे आला. “एक मिनट, एक मिनट. ग्रुप तो है ना दीदी. ये देखिए, नाम लिखा है। सबके नाम हैं।”

“आहे,” मी म्हटलं. “तू पुसलास आणि त्याच नावाचा नवा केलास. सराफ्यात एकाच नावाची दोन दुकानं असली तर एकाच्या किल्लीनं दुसऱ्याचं कुलूप उघडतं का? सर्व्हर नावावर जात नाही. जुन्या ग्रुपला त्याने आत स्वतःची खूण दिली होती, आणि सगळी पानं त्या खुणेवर उघडत होती. ती खूण तू पुसलीस. तुझा नवा ग्रुप सर्व्हरला अनोळखी. त्याच्या हातात तू काही दिलंच नाहीस.”

“अरे तो बताना था ना किसी को,” बंटी म्हणाला. “मुझे क्या पता।”

तेव्हा कुंदा पहिल्यांदा बोलली, अगदी साधेपणाने, जशी ती ताप किती आहे ते सांगते. “मैंने बताया था भैया. आपने कहा मेरे कंप्यूटर में दिक्कत है।”

काका अजून त्याच खुर्चीत होते आणि त्यांचा हात माउसवर होता. मी त्यांना म्हटलं, आणि हे मी नंतर पुष्कळदा मनात पुन्हा बोलले आहे, “तुम्हाला मान पाहिजे होता ना, तर आम्ही खाली वाकून पाया पडलो असतो. पासवर्ड कशाला घेतला? मान म्हणून कुणी ऑपरेशनची सुरी मागतं का?”

एक जण म्हणाले, विभाताई, भाषा. मी म्हटलं, भाषा माझी ठीक आहे. हे अधिकार आज निघाले नाहीत तर मी निघते, आणि अंजनीच्या वडिलांना जे इथे दाखवलं तेच दाखवून निघते.

काकांनी माउसवरून हात काढला. मग म्हणाले, “काढ. माझे पहिले काढ. सगळ्यांचे काढ.” मी तिथेच काढले. काकांना साध्या कार्यालयाच्या ग्रुपमध्ये ठेवलं, नवा पासवर्ड त्यांना स्वतः करायला लावला आणि पाठ फिरवून उभी राहिले.

कुंदाची नोटीस मागे घेतली. तोंडी. कागदावर काहीच नाही. फाइलमध्ये नोटीस आहे आणि तिच्यापुढे कोरं. मी लेखी मागितलं तर उत्तर आलं की आपल्याच माणसांत लेखी काय करायचं, तिचा छान सत्कार करू. रामनवमीच्या उत्सवात, कीर्तनात, सगळ्यांसमोर. शाल आणि श्रीफळ. हे ऐकून मला जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून मोठा होता. या माणसांना दुसरं औषधच माहीत नाही. चूक झाली, शाल घाला. मूल मरता मरता वाचलं, नारळ द्या. कुंदा घरी बसली होती. कामावर ये म्हटलं तर म्हणाली, बघते.

उत्सवात कीर्तनाला नागपूरहून प्रणोतीताई आल्या होत्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण उभ्या राहिल्या आणि टाळ वाजला की सभागृह त्यांचं. पूर्वरंग फार सुंदर झाला. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही हे माझं दुर्दैव. मध्यंतरात काकांनी गादीजवळ येऊन ताईंच्या गळ्यात हार घातला, त्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं, कपाळाला बुक्का लावून घेतला. हे ते मनापासून करतात. त्यात काही खोटं नाही, आणि म्हणूनच मला जास्त चीड येत होती.

मग ते माइकवर म्हणाले की आमच्या बालविभागाच्या कुंदाताईंच्या प्रदीर्घ सेवाभावाबद्दल समिती त्यांचा गौरव करून राहिली आहे. प्रदीर्घ सेवाभाव. टाळ्या झाल्या.

कुंदा मागच्या ओळीतून उठून पुढे आली. निळी साडी, केसांत काही नाही. तिने आधी गादीला नमस्कार केला, बुक्का लावून घेतला. काकांनी शाल उलगडली. तिने हात जोडले, पण मान खाली घातली नाही.

“शाल राहू द्या काका. नोटीस टाइप करून दिली होती ना, तसंच टाइप करून द्या, की कुंदाची चूक नव्हती. आणि कोणाची होती तेही.”

माइक चालू होता. मागच्या भिंतीपर्यंत गेलं.

काका खालच्या आवाजात म्हणाले, “इथे नको बेटा. देवासमोर.”

“देवासमोरच सांगून राहिली.”

बंटी कुठूनसा आला, दीदी बाद में, बाद में, असं म्हणत तिच्या कोपराला हात लावू लागला. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो बाजूला झाला. काकांनी गादीकडे पाहिलं, जणू तिथून काही सुटका मिळेल. प्रणोतीताईंना या भानगडीतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी हातातले टाळ पेटीवर ठेवले, पेटीवाल्याने भाता मिटला, आणि त्या म्हणाल्या, “मी थांबते, काका. कागद होऊ द्या, मग उत्तररंग.”

गादीवरून आलेला शब्द. काका तो मोडू शकले नसते, आणि मला माहीत आहे, त्यांनी मोडायचा विचारही केला नाही. शाल हातातच घेऊन ते कार्यालयाकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे गेले.

त्यांनी संगणक स्वतः सुरू केला. मी पुढे झाले तर हातानेच थांबवलं. एका बोटाने पासवर्ड घातला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा उघडला. मग अक्षर शोधत शोधत लिहू लागले. बाहेरून सभागृहातली कुजबुज येत होती. अर्ध्यावर थांबून त्यांनी विचारलं, “कोणाची चूक लिहू? समितीची लिहितो.”

“पासवर्ड समितीने दिला होता का बंटीला?”

ते माझ्याकडे वळले नाहीत. मला त्यांची फक्त मान दिसत होती, त्याच उपरण्यातली. मला दया आली, हो, आली. पण मी ती त्यांना दाखवली नाही. थोड्या वेळाने त्यांचं बोट पुन्हा चालू लागलं. छापून निघालेला कागद मी वाचला. त्यात होतं की रविवारी पान उघडलं नाही, कुंदाने तसं कळवलं होतं, तिची चूक नव्हती. “मी माझा पासवर्ड पुतण्याला दिला, ती चूक माझी.” खाली सही, आणि सहीखाली सचिव असं लिहिलेलं नव्हतं, नुसतं नाव.

कुंदाने कागद गादीसमोर उभ्यानेच वाचला. शेवटपर्यंत. घडी करून पर्समध्ये ठेवला. काका शाल घेऊन तसेच उभे होते, ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

“नारळ द्या,” ती म्हणाली. “प्रसादाचा आहे, त्याला नाही म्हणत नाही मी. सोमवारी येते.”

ती आपल्या ओळीत जाऊन बसली. ताईंनी टाळ उचलले. माझ्या शेजारच्या बाई वाकून मला म्हणाल्या, एवढ्यासाठी कीर्तन थांबवायचं काय हो, घरात बसून झालं असतं. माझ्या तोंडात फार काही आलं होतं. मी त्यांच्याकडे न पाहता उठले, मागे गेले आणि कुंदाच्या शेजारी जमिनीवर बसले. तिने नारळ मांडीवरून उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला.